आग, धूर आणि आपली वस्ती : मागे कोणी राहू नये



एप्रिल हा आपल्यासाठी जयंतीचा महिना. १४ एप्रिलला देशभर आणखी एक दिवस पाळला जातो, तो म्हणजे अग्निशमन सेवा दिन. त्याचे कारण आपल्या घरात फारसे कोणाला ठाऊक नसते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकेही होती. दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. आग विझवायला गेलेले ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात. बाबासाहेब त्या वेळी व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते, आणि तो दिवस त्यांचा वाढदिवस होता.

आग दिसल्यापासून स्फोटापर्यंत दोन तास होते. त्या दोन तासांत आजूबाजूचा भाग रिकामा झाला असता तर किती जीव वाचले असते, हा प्रश्न आजही विचारावा असाच आहे. आगीत मरण येते ते बहुतेक वेळा वेळेवर बाहेर न पडल्यामुळे. म्हणून या महिन्याच्या आरोग्याच्या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे. वस्ती सोडून निघायची वेळ आली तर कोण बाहेर पडते, कोण मागे राहते, आणि मागे कोणी राहू नये म्हणून आज काय करायचे, हे आपण पाहू.

दोन शहरे, दोन गोष्टी

वणवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो. उन्हाळ्यात वाळलेले गवत पेटते, रात्री डोंगरावर लाल रेघ दिसते आणि दोन दिवसांत काळे पडलेले रान उरते. पण जंगलाला लागून वसलेल्या शहरांत वणवा घरापर्यंत येतो. कॅनडातील फोर्ट मॅकमरे या शहराजवळ १ मे २०१६ रोजी जंगलात आग दिसली. ३ मे रोजी वारा फिरला आणि संपूर्ण शहर रिकामे करण्याचा आदेश निघाला. सुमारे ८८,००० माणसे एका दिवसात बाहेर पडली. दक्षिणेकडे जायला मोठा रस्ता एकच होता. दवाखान्यातले शंभराहून अधिक रुग्णही हलवले. सुमारे २,४०० इमारती जळाल्या, पण ज्वाळांत सापडून एकही माणूस मेला नाही. शहर सोडताना रस्त्यावरच्या अपघातात मात्र दोघे गेले.

दुसरे गाव अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे, पॅराडाईज. ८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी विजेच्या तारांमुळे डोंगरात आग लागली आणि काही तासांत गावात शिरली. वस्ती फोर्ट मॅकमरेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच होती, तरी या आगीत ८५ माणसे गेली. ही आग फार वेगाने आली, हे खरे. पण मेलेल्यांची यादी पाहिली तर बहुतेक जण पासष्ट वर्षांच्या पुढचे होते. कोणाला चालता येत नव्हते, कोणाकडे गाडी नव्हती, कोणाच्या फोनवर सूचना पोहोचलीच नाही. अनेकांचे मृतदेह घरातच किंवा घराजवळ सापडले.

जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातही मागे राहिला तो म्हातारा, आजारी आणि एकटा माणूस. मग आपल्या अरुंद बोळांत, पत्र्याच्या खोल्यांत कोण मागे राहील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आपल्या शहरात काय झाले

आपल्या छत्रपती संभाजीनगरावर, म्हणजे आपल्या औरंगाबादवर, असा वणवा चालून आलेला नाही. पण आगीने आपल्याला जे शिकवायचे ते शिकवले आहे.

२९ ऑक्टोबर २०१६ रोजी ऐन दिवाळीत जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार पेटला. शंभराहून अधिक दुकाने आणि शेजारच्या गाड्या बघता बघता खाक झाल्या. दिवसाउजेडी आणि मोकळ्या मैदानात असल्यामुळे माणसांना पळायला वाट मिळाली.

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. कामगार आतच झोपलेले होते. सहा जण बाहेर येऊ शकले नाहीत. पोटासाठी दूरच्या गावाहून आलेली ही माणसे होती.

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणी भागातल्या दाणा बाजारात खालच्या मजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण गेले, त्यांत लेकरेही होती. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. पोलिसांनी त्या वेळी सांगितले की प्राथमिक अंदाजानुसार मृत्यू गुदमरून झाले.

मैदानात पळायला वाट होती. वाळूजला आणि छावणीत वेळ रात्रीची होती, माणसे झोपेत होती आणि बाहेर पडण्याची वाट बंद होती. आपल्या वस्तीतली घरे या दोन्ही ठिकाणांपेक्षा वेगळी नाहीत. एक खोली, एक दार, दाराशीच गॅस आणि वर पोटमाळा.

धूर ज्वाळेच्या आधी मारतो

आम्ही जळीत रुग्णांची सेवा करत होतो तेव्हा नातेवाईक हमखास म्हणायचे, "अंगावर काहीच नाही हो, मग असे कसे झाले?" अंगावर काही नसते, पण धूर आत गेलेला असतो.

धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोहोचवते. या वायूला हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटते. म्हणजे श्वास चालू असतो, पण मेंदूला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, मग काय करावे ते सुचत नाही, पाय उचलत नाहीत. माणूस दारापाशी येऊन पडतो तो यामुळे. गादीतला फोम, प्लास्टिक, रेक्झिन जळाले की याहून विषारी वायू निघतात. झोपेत धुराच्या वासाने जाग येईलच असे नाही.

म्हणून धुराचे हे नियम लहानथोरांनी पाठ करावेत :

• धूर वर चढतो, जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते. उभे राहू नका. गुडघ्यांवर, हातांवर रांगत बाहेर या.
• दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने ते तपासा. गरम लागले तर पलीकडे आग आहे, दुसरी वाट धरा.
• बाहेर पडताना शक्य असेल तर दार मागे ओढून घ्या, कडी लावू नका. बंद दार धूर आणि आग दोन्ही अडवते.
• ओले फडके नाकाला लावले तर काजळी थोडी अडते, विषारी वायू अडत नाही. त्याच्या भरवशावर आत थांबू नका. फडके ओले करायला पाणी शोधत बसू नका.
• बाहेर पडायला वाटच नसेल तर आगीपासून लांबच्या खोलीत जा, दार लावा, दाराखालची फट कपड्याने बुजवा आणि खिडकीतून आवाज द्या, कपडा हलवा.
• बाहेर आल्यावर पुन्हा आत जायचे नाही. कशासाठीही नाही.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. करोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घराघरांत आले. धुरात सापडलेल्या माणसाच्या बाबतीत ते फसवते. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि आकडा ९८ दिसतो. आकडा चांगला आला म्हणून त्या माणसाला घरी झोपवू नका.

धुरात सापडलेल्या माणसाचा आवाज बसला असेल, नाकात किंवा थुंकीत काजळी दिसत असेल, भुवया-नाकातले केस जळाले असतील, डोके दुखत असेल, तो गोंधळल्यासारखा बोलत असेल किंवा थोडा वेळ जरी बेशुद्ध पडला असेल, तर १०८ ला फोन करून लगेच रुग्णालयात न्या. घशाची सूज काही तासांनी वाढते आणि श्वास बंद होऊ शकतो. दोन तासांपूर्वी चहा पिऊन बोलत बसलेला माणूस असा गेलेला आम्ही पाहिला आहे. गरोदर बाईने धूर घेतला असेल तर तिला काही होत नसले तरी दाखवलेच पाहिजे, कारण पोटातल्या बाळाला या वायूचा त्रास जास्त होतो.

बाहेरून कुलूप

हे लिहिताना आमचा हात जड होतो, पण लिहायला हवे. पहाटे धुण्याभांड्याला, बांधकामावर, कचरा वेचायला जाणाऱ्या कितीतरी आया लेकरांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावतात. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला, मनोरुग्ण मुलीलाही असेच ठेवले जाते. त्यामागे निष्काळजीपणा नसतो. काम सोडले तर चूल पेटत नाही, आणि लेकरू बाहेर फिरले तर रस्त्याची, वाईट माणसाची भीती. त्या आईला दोष देऊन आग थांबणार नाही. पण कुलूपबंद घराला आग लागली तर शेजाऱ्याला दार फोडायला लागणारी दोन-तीन मिनिटेच जीव घेतात.

उपाय आपल्याच गल्लीत आहे. दुसरी किल्ली शेजारणीकडे द्या, आणि ती घरी नसताना कोणाकडे असेल तेही ठरवा. चार घरांनी मिळून एका आजीला लेकरे सांभाळायला बसवा, तिला थोडे पैसे द्या. अंगणवाडी वेळेवर आणि पूर्ण वेळ उघडी राहावी म्हणून महिला मंडळाने पाठपुरावा करा. ही मागणी आगीपासून बचावाची आहे, हे अधिकाऱ्यांनाही सांगा.

कारखान्यात, गोदामात, दुकानात रात्री झोपणाऱ्या आपल्या पोरांनाही हेच विचारा : शटर बाहेरून बंद होते का? दुसरे दार आहे का? ते उघडते का, की त्याच्यासमोर माल रचला आहे? वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याला जाणाऱ्या प्रत्येक कामगाराने हा प्रश्न आपल्या ठेकेदाराला विचारायला हवा. एकट्याने विचारायला भीती वाटत असेल तर दहा जणांनी मिळून विचारा.

दहा घरांची यादी

आपल्या बोळांत बंब शिरत नाही, हे आपण जाणतो. बंब कितीही लवकर आला तरी पहिली दहा मिनिटे आपली आपल्यालाच काढायची असतात. फोर्ट मॅकमरेत आदेश द्यायला यंत्रणा होती. आपल्या गल्लीत ती यंत्रणा आपणच. त्यासाठी दहा-दहा घरांचा एक गट करा आणि एका वहीच्या पानावर एवढेच लिहा :

१. कोणत्या घरात स्वतः चालू न शकणारी माणसे आहेत? म्हातारी, अपंग, नुकती बाळंत झालेली, तान्हे लेकरू, ऐकू न येणारी, डोळ्यांनी न दिसणारी, रात्रपाळी करून दिवसा गाढ झोपणारी.
२. त्या प्रत्येकाला कोण उचलणार? एकाचे नाव पुरत नाही, कारण तो कामावर असेल. दोन नावे लिहा. दिवसा घरी असणारे एक आणि रात्री घरी असणारे एक.
३. गल्लीतून बाहेर पडायच्या दोन वाटा कोणत्या? दुसऱ्या वाटेवर गाड्या, लाकडे, पाण्याच्या टाक्या आहेत का?
४. जमायची जागा कोणती? ती मोकळी, वाऱ्याच्या उलट दिशेला आणि विजेच्या तारांपासून लांब हवी. विहारापुढचे पटांगण असे असेल तर उत्तम. नसेल तर शाळेचे मैदान ठरवा.
५. तिथे नावे कोण मोजणार? माणसे मोजली नाहीत तर कोण आत राहिले हे कळत नाही, आणि घाबरलेला बाप बाहेर आलेल्याच लेकराला शोधायला पुन्हा आत जातो.

अंथरुणावरच्या माणसाला खांद्यावर घेऊन उभ्याने धुरातून आणू नका. त्याला जाड सुती गोधडीवर घ्या, डोक्याकडची टोके धरा आणि जमिनीलगत ओढत आणा. तोही खाली राहतो, तुम्हीही वाकलेले राहता. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एकदा हे करून पाहा. पोरे हसतील, हसू द्या. हसत शिकलेले आयुष्यभर लक्षात राहते.

आग दिसली की आधी मोठ्याने ओरडून गल्ली जागी करा, मग १०१ किंवा ११२ ला फोन करा. फोनवर वस्तीचे नाव, जवळची ठळक खूण, काय पेटले आहे, आत माणसे आहेत का आणि मोठी गाडी कोणत्या बाजूने येईल, एवढे सांगा. दोन तरुणांनी मोठ्या रस्त्यावर जाऊन बंबाला वाट दाखवावी, बाकीच्यांनी वाटेतल्या दुचाक्या हटवाव्यात. विजेची मुख्य कळ बंद करा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नका. गॅसचा नुसता वास येत असेल तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, कोणतेही बटण लावू किंवा बंद करू नका आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवा. सिलिंडरच पेटला असेल तर शूरपणा नको. सगळ्यांना घेऊन लांब व्हा. दावणीची शेळी-गाय सोडून द्या, ती आपली वाट शोधते.

कागद आधीच बाहेर काढा

बाहेर आलेली माणसे परत आत का जातात? दागिन्यांसाठी, पैशांसाठी जातात असे लोकांना वाटते. आमचा अनुभव असा की आपल्या घरातली माणसे कागदांसाठी जातात. जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, पोरीची गुणपत्रिका, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती. त्या एका कागदासाठी बापाने किती चकरा मारलेल्या असतात! आजोबांच्या शाळेचा पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा दाखला शोधून आणलेला असतो. त्या कागदावर पोरीचा प्रवेश आणि शिष्यवृत्ती टांगलेली असते. म्हणून तो जिवावर उदार होतो.

म्हणून कागद आजच बाहेर काढा. सगळ्या मूळ कागदांचे फोटो मोबाईलवर काढा आणि नात्यातल्या, दुसऱ्या वस्तीत राहणाऱ्या माणसालाही पाठवून ठेवा. डिजिलॉकरमध्ये जे येते ते उघडून घ्या, कॉलेजात शिकणारी पोरे हे अर्ध्या तासात करून देतील. झेरॉक्सचा एक संच गावाकडच्या घरी ठेवा. मूळ कागद एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळच्या खिळ्याला अडकवा. एवढे करूनही पिशवी आत राहिलीच, तर जळालेला कागद पुन्हा काढता येतो. त्रास होतो, चकरा होतात, पण निघतो. बाप पुन्हा मिळत नाही.

त्याच पिशवीत रक्तदाब, साखर, दमा, फिट्स, क्षयरोग, एचआयव्ही यांच्या आठवडाभराच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि चष्मा ठेवा. इन्सुलिन थंड जागीच ठेवावे लागते, म्हणून ते कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे. निजताना चपला आणि बॅटरी उशाशी असू द्या.

भाजल्यावर : पाणी, पाणी आणि पाणी

कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका, पळाल्याने आग भडकते. थांबा, जमिनीवर आडवे व्हा, तोंड हातांनी झाका आणि लोळा. जवळच्या माणसाने जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकावी किंवा पाणी ओतावे. नायलॉनची साडी किंवा पॉलिस्टरचे पांघरूण टाकू नका, ते वितळून कातडीला चिकटते.

भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे थंड पाणी धरायचे. घड्याळ लावून वीस मिनिटे. लगेच धरले तर उत्तम, पण तीन तासांच्या आत कधीही धरले तरी उपयोग होतो. आपल्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, मग वीस मिनिटांची धार आणायची कुठून? ड्रममधले स्वच्छ पाणी तांब्याने हळूहळू ओता. पाणी कमी पडले तर स्वच्छ सुती फडके ओले करून ठेवा आणि दर एक-दोन मिनिटांनी बदला. घरात पिण्याखेरीज एक झाकलेली कळशी नेहमी भरलेली असू द्या. लहान लेकराला पाणी फक्त भाजलेल्या जागी धरा, बाकीचे अंग कोरड्या कपड्यात गुंडाळा, नाहीतर ते गारठते.

बांगड्या, अंगठी, जोडवी, गळ्यातले लगेच काढा. अर्ध्या तासात सूज येते आणि मग ते कापावे लागते. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. फोड फोडू नका. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, कच्चा बटाटा, शेण, बर्फ यांतले काहीही लावू नका. आम्ही अशा जखमा तासन्तास धुतल्या आहेत. धुताना रुग्णाला होणाऱ्या वेदना लावणाऱ्याने पाहिल्या तर तो पुन्हा लावणार नाही. शिवाय लेपाखाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही आणि जंतुसंसर्ग वाढतो. धुतलेल्या स्वच्छ सुती कापडाने सैलसर झाका आणि निघा.

रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. तळहातापेक्षा मोठी जखम, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिय भाजणे, पांढरी, काळी पडलेली किंवा दुखत नसलेली जखम, विजेचा धक्का, आणि लहान मूल, म्हातारे माणूस, गरोदर बाई यांचे कोणतेही भाजणे. यांपैकी काहीही असेल तर घरी उपचार नको, थेट घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात जा. जखम दुखत नाही म्हणून खूश होऊ नका, खोल भाजल्यावर नसाच जळतात म्हणून ती दुखत नाही. धनुर्वाताच्या लसीचे विचारा.

आग विझल्यानंतर

अग्निशमन दलाने सांगितल्याशिवाय घरात जाऊ नका. राखेत निखारे, तारा आणि फुटलेले पत्रे असतात. राख उपसताना नाका-तोंडाला एन-९५ मुखपट्टी लावा, पायात बंद चपला घाला, राखेवर पाणी शिंपडा. दम्याच्या माणसाला आणि लेकरांना लांब ठेवा.

शाळेत किंवा समाजमंदिरात मुक्काम पडला तर आजार सुरू होतात ते पाण्याने. उकळलेले किंवा औषध टाकलेले पाणी आणि हात धुवायला साबण हवा. जुलाब झाले की पहिल्या तासातच ओआरएस सुरू करा. बाळंतिणीने अंगावर पाजणे बंद करू नये. भीतीने दूध आटले असे वाटले तरी बाळाला पाजत राहावे, दूध येते. दान म्हणून आलेल्या डब्याच्या दुधावर बाळाला टाकू नका. बायकांसाठी वेगळे, उजेडाचे शौचालय आणि पॅड मागायला लाजू नका. क्षयरोगाच्या आणि एचआयव्हीच्या गोळ्या जळाल्या असतील तर त्याच दिवशी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन सांगा. खंड पडता कामा नये.

काही आठवडे झोप न लागणे, धुराचा वास येतोय असे वाटणे, लेकराने अंथरूण ओले करणे, हे मनाला बसलेल्या धक्क्याचे लक्षण आहे. बाहेरची बाधा नव्हे. त्याला जवळ घ्या, बोलते करा, शाळा लवकर सुरू करा. महिनाभरात कमी झाले नाही तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोला किंवा सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा.

आग ही राज्य आपत्ती निधीच्या निकषांत येणारी आपत्ती आहे. मदतीसाठी पंचनामा लागतो. साफसफाई करण्याआधी फोटो काढा आणि महसूल खात्याकडे पंचनाम्याची मागणी लेखी द्या. भाडेकरूंची आणि एकट्या बायांची नावे त्यात आली आहेत का, हे सगळ्यांनी मिळून पाहा. माणसे मोजताना मागे कोणी राहू नये, तसे मदत मोजतानाही राहू नये.

रोजचा धूर

२०१८ साली नारेगावचा कचरा डेपो बंद पडला तेव्हा शहरभर कचऱ्याचे ढीग साचले आणि जागोजागी पेटवले गेले, ते आपण श्वासातून भोगले. आजही वस्तीच्या कडेला कचरा जळतो. तो धूर दमा, खोकला, हृदयविकार वाढवतो आणि उन्हाळ्याच्या वाऱ्यात त्याच ठिणगीने शेजारचे घर पेटते. प्लास्टिक आणि भंगार वेचणाऱ्या आपल्या भगिनींना माल घरातच साठवावा लागतो. त्यांच्यासाठी वस्तीबाहेर साठवणीची जागा मागणे हे सगळ्यांच्या जिवाचे काम आहे. लेणीच्या डोंगरावर किंवा टेकडीवर जाल तेव्हा वाळल्या गवतात पेटती विडी-काडी टाकू नका. जयंतीच्या मंडपात तारांचे जोड उघडे ठेवू नका, मेणबत्त्या कापडापासून लांब लावा आणि बंब जाईल एवढी वाट मोकळी ठेवा.

विहारात चर्चेसाठी

हे पान वाचून झाल्यावर पुढच्या बैठकीत या प्रश्नांवर बोला आणि उत्तरे वहीत लिहा :

१. आपल्या गल्लीत स्वतः बाहेर पडू न शकणारी माणसे किती? त्यांच्यापुढे प्रत्येकी दोन नावे लिहिली का?
२. बाहेरून कुलूप लागणारी घरे किती? दुसरी किल्ली कोणाकडे आहे?
३. बंब कुठपर्यंत येतो? पुढची वाट कशाने अडली आहे? ती मोकळी करायला महापालिकेकडे अर्ज कोण देणार?
४. पदमपुरा अग्निशमन केंद्रातल्या जवानांना विहारात प्रात्यक्षिकासाठी कधी बोलवायचे? १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो, पत्र आधीच द्या.
५. किती घरांनी कागदांचे फोटो काढून दुसरीकडे पाठवले?

दहा घरांची यादी करायला एक संध्याकाळ पुरते. जयंतीच्या वर्गणीसाठी आपण प्रत्येक दारात जातोच. यंदा वर्गणीच्या वहीबरोबर ही दुसरी वहीही न्या, आणि प्रत्येक घरी विचारा : रात्री आग लागली तर तुमच्या घरातून कोणाला उचलून आणायचे?

जय भीम. नमो बुद्धाय.